काळजी ईमेलमध्येच राहिली: मार्स क्लायमेट ऑर्बिटरचं प्रकरण

एका फाइलपासून सुरुवात करतो.

मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान ११ डिसेंबर १९९८ रोजी फ्लोरिडातल्या केप कॅनव्हेरलहून निघालं. मंगळाभोवती फिरत राहून तिथल्या हवामानाचा अभ्यास करायचा, हे त्याचं काम. यान बांधलं लॉकहीड मार्टिन ॲस्ट्रोनॉटिक्सने, आणि प्रवासात त्याच्या तब्येतीवर लक्ष ठेवून होते तेही त्यांचेच इंजिनिअर. मोहिमेचं व्यवस्थापन मात्र कॅलिफोर्नियातल्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीकडे, म्हणजे नासाच्या जेपीएलकडे होतं. यान नेमकं कुठे आहे आणि कुठे चाललंय हे ठरवणारी नेव्हिगेशन टीमही तिथलीच. दोन संस्था, दोन गावं आणि मध्ये एक फाइल.

ती फाइल कशासाठी होती, हे जरा जवळून बघू. यानाचं सौर पॅनेल एकाच बाजूला होतं. सूर्यप्रकाशाचा दाब त्यावर पडला की यान हळूहळू वळायला लागायचं. ते सरळ ठेवण्यासाठी आत फिरती चाकं होती. चाकांचा वेग फार वाढला की छोटे थ्रस्टर, म्हणजे बारकी रॉकेट इंजिनं, क्षणभर पेटवून तो उतरवावा लागे. थ्रस्टर पेटला की यानाला बारीकसा धक्का बसतो आणि मार्ग केसभर सरकतो. म्हणून जमिनीवरचं एक सॉफ्टवेअर दर वेळी हिशोब करून फाइलमध्ये लिहायचं की थ्रस्टर कधी पेटले आणि किती धक्का बसला. नेव्हिगेशन टीम ते आकडे घेऊन यानाचा मार्ग काढायची.

दोन्ही बाजूंमध्ये लेखी स्पेसिफिकेशन होतं. धक्का न्यूटन-सेकंदात द्यायचा, असं त्यात स्पष्ट म्हटलेलं होतं. फाइलमध्ये तो पाउंड-सेकंदात येत होता. एक पाउंड बल म्हणजे ४.४५ न्यूटन. फाइलमध्ये १ लिहिलेलं असेल तेव्हा यानाला खरा धक्का ४.४५ चा बसलेला असायचा आणि नेव्हिगेशन टीम तो १ चाच धरायची. धक्के इवलेसे होते. पण पॅनेल एकाच बाजूला असल्यामुळे नेव्हिगेशन टीमच्या अपेक्षेपेक्षा ते १० ते १४ पट जास्त वेळा द्यावे लागले, आणि साडेनऊ महिने ते साचत गेले.

२३ सप्टेंबर १९९९ रोजी यान मंगळापाशी पोचलं. कक्षेत शिरण्यासाठी मोठं इंजिन ठरल्या वेळी पेटलं. सुमारे पाच मिनिटांनी यान मंगळाच्या आड जाऊन सिग्नल तुटणार, हे अपेक्षितच होतं. तो अपेक्षेपेक्षा ४९ सेकंद आधी तुटला आणि परत कधीच आला नाही. पृष्ठभागापासून २२६ किलोमीटरवरून जायचं ठरलं होतं, यान गेलं सुमारे ५७ किलोमीटरवरून. ८० किलोमीटरच्या खाली ते टिकणार नाही, असा हिशोब होता. हे यान आणि त्याच्या मागोमाग गेलेलं मार्स पोलर लँडर मिळून मोहिमेचा खर्च ३२.७६ कोटी डॉलर होता.

प्रोजेक्ट मॅनेजमेंट शिकवताना हे प्रकरण नेहमी येतं आणि बहुतेक वेळा 'युनिटचा घोळ' म्हणून एका मिनिटात संपतं. ते तसं संपू नये असं मला फार वाटतं. प्रत्येक मोठ्या कामात कोणीतरी कुठेतरी चुकीचं युनिट लिहितंच. या प्रकरणात खरा प्रश्न असा आहे की ती चूक साडेनऊ महिने कुणाच्या नजरेला कशी पडली नाही? आणि त्याचं उत्तर त्याहून अस्वस्थ करणारं आहे. ती नजरेला पडली होती.

चार महिने मेलवर

प्रवासाचे पहिले चार महिने ती फाइल वापरलीच गेली नाही. फाइलचा फॉरमॅट चुकत होता, यानाच्या दिशेची माहितीही चुकीची येत होती. म्हणून नेव्हिगेशन टीमने पर्याय काढला. थ्रस्टर कधी पेटले एवढंच लॉकहीडकडून मेलने कळायचं आणि त्या वेळांवरून परिणामाचा अंदाज टीम स्वतः बांधायची.

इथे मला थांबावंसं वाटतं, कारण ही जागा माझ्या ओळखीची आहे. ठरलेला मार्ग बंद पडतो. लोक हुशार असतात, काम अडू देत नाहीत, मेलवर भागवतात. मॅनेजर स्टेटस विचारतो, उत्तर येतं, 'चालू आहे, मेलवर मॅनेज करतोय.' सगळ्यांना हायसं वाटतं. पण त्या चार महिन्यांत एक गोष्ट घडत नव्हती: फाइलमधला आकडा आणि प्रत्यक्षातला आकडा शेजारी ठेवून कोणी बघत नव्हतं. फॉरमॅट चुकीचा असल्यामुळे आतला मजकूर तपासायची वेळच आली नाही. एक चूक दुसऱ्या चुकीवर झाकण होऊन बसली. तात्पुरती सोय चार महिने चालते तेव्हा तिच्याकडे बघायची जबाबदारी मॅनेजरची असते. काम करणाऱ्या माणसाला तर ती सोय मदतच करत असते.

एप्रिल १९९९ मध्ये फाइल दुरुस्त झाली. नासाने नंतर नेमलेल्या चौकशी मंडळाच्या अहवालानुसार आठवड्याभरातच लक्षात आलं की फाइलमधल्या आकड्यांवरून धक्क्यांचा परिणाम कमी धरला जातोय. म्हणजे पाच महिने हातात असताना माणसांना खटकलं होतं. खात्री करून घेणं मात्र अवघड होतं. पृथ्वीवरून रेडिओ सिग्नलने यानाचा वेग मोजतात तो मुख्यतः आपल्या दृष्टिरेषेच्या दिशेतला, आणि या धक्क्यांचा बराचसा भाग त्या रेषेला आडवा होता. संशय येत होता, पुरावा हाती लागत नव्हता.

मग त्या संशयाचं काय झालं? अशा वेळी भरायचा एक फॉर्म जेपीएलमध्ये होता, इन्सिडेंट सरप्राइज ॲनोमली या नावाचा. तो भरला की नोंद होते, तिला मालक मिळतो आणि उत्तर मिळेपर्यंत ती बंद होत नाही. फॉर्मच्या नावातला 'सरप्राइज' हा शब्द मला फार आवडतो. बिघाड सिद्ध झालेला नसला तरी चालेल, तुम्हाला आश्चर्य वाटलं एवढं कारण पुरे, असं तो फॉर्मच सांगतो. आकड्यांमधली विसंगती दिसल्यावर टीमने मात्र हा मार्ग धरला नाही, मेलवर भर दिला, आणि त्यामुळे प्रश्न फटीतून निसटला, असं मंडळाने नोंदवलं आहे.

मी त्या माणसांना दोष देत नाही. फॉर्म भरणं म्हणजे समोरच्या टीमवर बोट दाखवणं, असं वातावरण अनेक ठिकाणी असतं. मेल टाकणं सौम्य वाटतं, त्याने संबंध बिघडत नाहीत. शिवाय हीच टीम त्या काळात एकूण तीन मोहिमा सांभाळत होती: हे यान, पोलर लँडर आणि आधीपासून मंगळाभोवती फिरणारा मार्स ग्लोबल सर्व्हेयर. इतक्या कमी माणसांवर इतकं काम असेल तर खटकलेल्या गोष्टीचा पाठपुरावा करायला दिवसातला कोणता तास उरतो?

मेलला सहा जण सीसीमध्ये असले की सहाही जणांना वाटतं, बाकीचे पाच बघतील. हे मी स्वतः भोगलंय. माझ्या एका प्रोजेक्टमध्ये एक टीम दुसऱ्या टीमला रकमांची फाइल पाठवायची. एक सहकारी जाता जाता म्हणाला, "अरे, आकडे जरा कमी वाटतायत." मी घाईत होतो. "मेल टाक ना सगळ्यांना," म्हटलं आणि मीटिंगला गेलो. त्याने मेल टाकला. त्यावर दोन उत्तरं आली, दोन्ही 'बघतो' अशी. तीन आठवड्यांनी कळलं की घेणारी टीम करासहित रक्कम मागत होती आणि फाइलमध्ये ती करावेगळी जात होती. मधल्या काळातले सगळे रिपोर्ट पुन्हा करावे लागले, लोकांनी शनिवार-रविवार दिले. त्या माणसाने वेळेवर सांगितलं होतं. त्याचं सांगणं कुठे ठेवायचं, ही जागा मी करून दिलेली नव्हती.

तेव्हापासून माझ्या प्रत्येक प्रोजेक्टमध्ये एक साधी शीट असते. तिचं नाव 'खटकलं'. रिस्क रजिस्टर (पुढे काय बिघडू शकेल त्याची यादी) वेगळं, इश्यू लॉग (काय बिघडलंय त्याची नोंद) वेगळा, ही त्या दोन्हींच्या आधीची पायरी. काय खटकलं, कोणाला, कोण बघणार आणि कोणत्या तारखेपर्यंत, एवढंच त्यात असतं. पुरावा मागत नाही. बघणारा नेहमी एकच, टीमचं नाव चालत नाही. आणि एक नियम मी कधी सोडत नाही: ओळ बंद करायचा अधिकार ज्याला खटकलं त्याचाच. बघणारा म्हणतो झालं, मग मी मूळ माणसाला विचारतो, "तुझं समाधान झालं का?" बऱ्याच ओळींमध्ये काहीच निघत नाही. त्या शांतपणे बंद होतात आणि त्या माणसाला पुन्हा काही खटकलं तर तो पुन्हा सांगतो. मला त्यातून हेच हवं असतं.

प्रत्येक आकडा मर्यादेत होता

आता शेवटचा आठवडा. १५ सप्टेंबरला मार्ग सुधारण्याची चौथी आणि नियोजित शेवटची कृती झाली. त्यानंतर २२६ किलोमीटरवरून यान जाईल अशी अपेक्षा होती. पुढच्या काही दिवसांत नवे अंदाज आले, १५० ते १७० किलोमीटर. मंगळाचं गुरुत्वाकर्षण जाणवू लागल्यावर अधिक नेमकी मोजणी झाली आणि इंजिन पेटायच्या साधारण तासभर आधी अंदाज आला ११० किलोमीटर.

हे आकडे एकेक करून बघा. १७० चालेल. १५० चालेल. ११० सुद्धा ८० च्या वरच आहे. स्टेटस रिपोर्टमध्ये प्रत्येक आकडा हिरवाच दिसला असता. एकाखाली एक लिहून बघितले की मात्र पोटात गोळा येतो: २२६, मग १५० ते १७०, मग ११०. दर वेळी खालीच. मोजमापातली साधी अनिश्चितता असती तर एखादा अंदाज वर, एखादा खाली गेला असता. सगळे एकाच दिशेने सरकतात तेव्हा हिशोबात कुठेतरी कायमची चूक बसलेली असते.

प्रोजेक्टमधल्या तारखांचंही असंच असतं. पाच तारीख, मग सात, मग दहा. प्रत्येक वेळी कारण पटण्यासारखं असतं आणि अंतिम मुदत अजून लांब असते. म्हणून मी ताज्या अंदाजाबरोबर आधीचे सगळे अंदाज त्याच ओळीत ठेवायला सांगतो. खोडायचे नाहीत, शेजारी नवा लिहायचा. आढाव्यात मी नवीन आकड्याआधी ती ओळ वाचतो. यासाठी कुठलं टूल लागत नाही.

गरज पडली तर मार्ग सुधारण्याची पाचवी कृती करता आली असती. तशी तरतूद योजनेत होती आणि शेवटच्या दिवसांत त्यावर बोलणंही झालं. पण त्यासाठी लागणारं विश्लेषण, चाचण्या, पद्धत यांपैकी काहीच तयार केलेलं नव्हतं. मंडळाने हे स्वतंत्र कारण म्हणून नोंदवलं. पर्याय कागदावर असणं आणि पर्याय हाताशी असणं यात केवढं अंतर आहे! यानावर ऐन वेळी न तपासलेल्या आज्ञा पाठवणं स्वतःच धोकादायक असतं, त्यामुळे तयारी नसताना 'नको' म्हणणं त्या क्षणी शहाणपणाचंच वाटलं असेल. निर्णय त्या आठवड्यात चुकला असं म्हणण्यापेक्षा तो त्या आठवड्यावर ढकलला गेला, ही मला खरी चूक वाटते. अंदाज अमुक आकड्याच्या खाली गेला तर पाचवी कृती करायची, कोण करेल, किती तास लागतील, हे शांत डोक्याने महिनाभर आधी ठरलेलं असतं तर १५० दिसल्यावर चर्चेची गरजच उरली नसती. थकलेल्या, डेडलाइनच्या तोंडाशी आलेल्या माणसांकडून धाडसी निर्णयाची अपेक्षा करणं मला अन्यायाचं वाटतं.

हँडओव्हर

थोडं मागे जाऊ. यान उडवणारी नेव्हिगेशन टीम यान घडत असताना फारशी आसपास नव्हती. रचनेचे महत्त्वाचे आढावे तिच्याशिवाय झाले. यान बरंचसं ग्लोबल सर्व्हेयरसारखं असेल, असं तिने धरून चाललं. सर्व्हेयरची पॅनेल दोन्ही बाजूंना सारखी होती, म्हणून त्याला इतके धक्के द्यावे लागत नव्हते. एका बाजूला पॅनेल असल्याने काय होईल हे घडवणाऱ्यांना ठाऊक होतं, चालवणाऱ्यांना ठाऊक नव्हतं. आणि कागद सुपूर्द झाले होते.

हँडओव्हरच्या मीटिंगमध्ये देणारा बोलतो आणि घेणारा मान डोलावतो. मी हे उलट करायला लावतो: घेणाऱ्याने फळ्यापाशी उभं राहून काम समजावून सांगायचं, देणाऱ्याने ऐकायचं. 'हे मागच्यासारखंच आहे' असं वाक्य आलं की तिथे थांबवून विचारायचं, नेमकं काय सारखं आहे आणि हे कुणी तपासलं?

ती फाइल तयार करणारं सॉफ्टवेअर जमिनीवरचं होतं, यानावरचं नव्हतं, त्यामुळे त्याची पडताळणी पुरेशी कडक झाली नाही. स्पेसिफिकेशन होतं, पण सॉफ्टवेअर त्याप्रमाणे चालतं का याची एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चाचणी झाल्याचं मंडळाला आढळलं नाही. दोन्ही टीमनी आपापला भाग मन लावून केला असेलच. सांधा मात्र दोघांच्याही यादीत नव्हता. सांध्यांची यादी ठेवणं हे मी प्रोजेक्ट मॅनेजरचं पहिलं काम मानतो, कारण त्या जागी दुसरं कोणी उभंच नसतं. माझी पद्धत अशी: सुरुवातीलाच एक खरा आकडा घ्यायचा आणि तो हातात धरून सगळ्या टीममधून चालत जायचं. इथे काय लिहिलंय, तिथे काय दिसतंय, युनिट कोणतं, अमुक इतका येणं अपेक्षित होतं का? हाताने केलेला हिशोब सोबत ठेवायचा. अर्धा दिवस जातो. एका थ्रस्टरच्या एका धक्क्याबरोबर असं कोणी चाललं असतं, तर ४.४५ चा फरक पहिल्याच फेरीत समोर आला असता.

स्वस्त आणि घाईचं काम म्हणून हे झालं, असंही म्हटलं जातं. डॅनियल गोल्डिन नासाचे प्रमुख असताना 'अधिक वेगाने, अधिक चांगलं, अधिक स्वस्तात' हे धोरण होतं आणि त्याचा ताण या मोहिमेवर पडला, हे खरंच आहे. पण याच धोरणाखाली मार्स पाथफाइंडर ४ जुलै १९९७ रोजी मंगळावर नीट उतरलं होतं. बजेट कमी होतं हे कारण देऊन आपण मोकळे झालो तर हातात असलेल्या गोष्टींकडे बघायचं राहून जातं.

नासाचे तेव्हाचे वरिष्ठ अधिकारी एडवर्ड वायलर यांनी काही दिवसांतच सांगितलं की माणसांकडून चुका होतात, इथे खरी अडचण चूक झाली ही नव्हती, ती पकडायला आमची व्यवस्था कमी पडली ही होती. चौकशी मंडळाचे प्रमुख आर्थर स्टीफनसन होते. पहिला अहवाल १० नोव्हेंबर १९९९ रोजी आला, दुसरा १३ मार्च २००० रोजी. दुसऱ्या अहवालाचं शीर्षक 'रिपोर्ट ऑन प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन नासा' असं आहे. दोन्ही अहवाल उपलब्ध आहेत आणि या व्यवसायात असलेल्या प्रत्येकाने ते एकदा तरी वाचावेत, असं मी मनापासून सांगतो. पहिल्यात मूळ कारण एक आणि त्याला हातभार लावणारी कारणं आठ दिलेली आहेत. त्या आठांत नेव्हिगेशन टीमचं अपुरं मनुष्यबळ आहे, अपुरं प्रशिक्षण आहे, गटागटांमधला अपुरा संवाद आहे.

या यानावर मंगळाच्या वातावरणाचं तापमान, धूळ आणि बाष्प मोजणारं एक उपकरण होतं. तसंच एक उपकरण आधी मार्स ऑब्झर्व्हरवर पाठवलं होतं आणि १९९३ च्या ऑगस्टमध्ये ते त्या यानाबरोबर हरवलं. १९९९ मध्ये हे दुसरंही हातचं गेलं. त्याच कामासाठी घडवलेलं पुढचं उपकरण, मार्स क्लायमेट साउंडर, २००५ च्या ऑगस्टमध्ये मार्स रिकॉनिसन्स ऑर्बिटरवर बसून निघालं आणि १० मार्च २००६ रोजी मंगळाच्या कक्षेत पोचलं. ज्या मोजमापांसाठी ही सगळी खटपट चालली होती, ती त्यानंतर येऊ लागली.